हलका चेंडू, जड बॅट

गेल्या मार्च महिन्यातली गोष्ट. सोमवारची गर्दी होती. एक गृहस्थ आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा शाळेच्या क्रिकेट संघात खेळणारा. जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालील संघाच्या निवड चाचणीसाठी त्याचे नाव गेले होते आणि चाचणी तीन आठवड्यांवर आली होती. त्याच्या उजव्या कोपराची आतली बाजू दोन महिन्यांपासून दुखत होती. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पंधरा दिवस झाले, याला बॅटला हात लावू दिलेला नाही. बॅट चांगली जड आहे, तिच्यामुळेच झालं असणार. पण दुखणं काही हटत नाही."

"आणि फील्डिंग?" मी विचारले.

"ती चालू आहे की! बॅटिंग बंद म्हणून सर त्याला फील्डिंगलाच जास्त वेळ उभा करतात. सीमारेषेवरून विकेटकीपरकडे थ्रो. ते काय, हलकं काम."

दिवसाला किती थ्रो होतात, असे मी मुलालाच विचारले. त्याने मनात थोडा हिशेब केला आणि म्हणाला, "शंभर तर होतातच. रविवारी जास्त."

त्या वडिलांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. जड वस्तू उचलली की दुखते आणि हलकी वस्तू उचलून काही होत नाही, हे आपण लहानपणापासून अनुभवाने शिकलेलो असतो. मोठ्यांच्या क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे एखाद्या पेरूएवढा. बॅट सहज ११०० ते १३०० ग्रॅम भरते. तराजूत घातले तर दोष बॅटचाच निघणार. परंतु शरीराचा तराजू वेगळा आहे. तो कसा, हे त्या दिवशी मी त्या बाप-लेकांना समजावून सांगितले. आपल्या जिल्ह्यात घराघरात क्रिकेट खेळणारी मुले आहेत, म्हणून तेच आज या सदरात थोडे विस्ताराने लिहीत आहे.

एक खुलासा आधीच करतो. येथे 'फेक' म्हणजे क्षेत्ररक्षकाची खांद्यावरून केलेली फेक. गोलंदाजी हा निराळा विषय आहे. गोलंदाजाने हात टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ केला तर तो चेंडू नियमबाह्य ठरतो. फेकीत मात्र कोपर वाकवून झटक्याने सरळ करणे हाच सगळा खेळ आहे.

सुरुवात पायांपासून

वाचकहो, खांदा दुखत नसेल तर एक छोटा प्रयोग करून पाहा. अंगणात उभे राहा आणि लांबच्या झाडावरची कैरी पाडायची आहे अशा थाटात रिकामा हात फिरवा. मग खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीपासून उचला आणि पुन्हा तसाच हात फिरवा. दुसऱ्या वेळी हातात जोरच येत नाही. जी ताकद आपण दंडाची समजत होतो ती पाय जमिनीवरून उचलताच गेली. कारण ती दंडाची नव्हतीच. जमिनीला पायाने दिलेला रेटा मांड्यांतून, कमरेतून, छातीतून वर चढत हातापर्यंत पोहोचत होता.

आता हातात काठी किंवा बॅट घ्या आणि पुल मारल्यासारखी जोरात फिरवा. मग खुर्चीत पाय उचलून बसून तेच करा. अनुभव अगदी तसाच येईल. एवढ्यापुरती फेक आणि फटका ही सख्खी भावंडे आहेत. उजव्या हाताचा खेळाडू दोन्ही वेळा आडवा उभा राहतो, डावा खांदा पुढे. दोन्ही वेळा वजन आधी उजव्या पायावर असते आणि मग डावा पाय पुढे पडतो. डावा पाय जमिनीत खुंटा ठोकल्यासारखा घट्ट रोवला गेला की त्याच्याभोवती कंबर फिरते. कंबर पुढे फिरली तरी छाती क्षणभर मागेच राहते. धुतलेले धोतर पिळताना एक टोक धरून दुसरे फिरवतात, तसा कमरेपासून खांद्यापर्यंत धडाला पीळ बसतो. पोटाचे आणि पाठीचे तिरपे स्नायू ताणले जातात आणि रबर सोडावे तसे छातीला खेचून पुढे आणतात. ज्या मुलाची कंबर आणि छाती एकदमच फिरते त्याचा हा पीळ वाया जातो. राहिलेला जोर त्याला हातातून काढावा लागतो. मैदानावर असा मुलगा ओळखता येतो, तो फेकताना चेहरा फार वाकडा करतो.

अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंवर या बाबतीत पुष्कळ मोजमापे झाली आहेत. त्या खेळात चेंडू फेकणारा पिचर आणि बॅट फिरवणारा फलंदाज अगदी समोरासमोर, सुमारे साडेअठरा मीटरवर असतात, त्यामुळे तुलना सोपी जाते. वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या मोजणीत पिचरची कंबर सेकंदाला सुमारे ६०० अंशांच्या वेगाने फिरते, फलंदाजाची सुमारे ७०० अंशांच्या. म्हणजे कंबरेच्या हिशेबाने दोघे जवळपास बरोबरीचे, किंबहुना फलंदाज किंचित पुढेच. फरक पडतो तो कंबरेच्या वर.

हाताचा आसूड

बैल हाकणाऱ्याचा आसूड आपण पाहिला असेल. मुठीकडचा दांडा संथपणे फिरतो, पण त्याच्या वादीचे टोक आवाजापेक्षाही जास्त वेग घेते आणि म्हणून 'फट्' असा आवाज होतो. फेकणाऱ्याचे शरीर असेच चालते. जाड, जड भाग आधी आणि हळू, बारीक, हलका भाग नंतर आणि वेगाने. व्यावसायिक पिचरच्या कमरेचा वेग ६०० अंश असेल तर छातीचा त्याच्या दुपटीच्या जवळ जातो, कोपर २००० अंशांच्या वर वेगाने सरळ होतो आणि खांद्यातून दंड आतल्या बाजूला वळतो तो सेकंदाला सुमारे ७००० अंशांच्या वेगाने. याच वेगाने हात गोल फिरत राहिला असता तर एका सेकंदात एकोणीस प्रदक्षिणा झाल्या असत्या! माणसाच्या शरीराच्या मोजलेल्या हालचालींत ही सर्वांत वेगवान हालचालींपैकी एक आहे.

हा वेग येतो कुठून? छाती पुढे येते तेव्हा हात मागे राहतो. कोपर काटकोनात वाकलेला, आणि मनगट इतके मागे जाते की हाताचा पुढचा भाग जमिनीला जवळजवळ समांतर होऊन पाठीमागे निजतो. आपण नुसते उभे राहून हात असा मागे नेऊ शकत नाही. छातीच्या ओढीमुळे तो तिथपर्यंत जातो. त्या क्षणी खांद्याच्या पुढचे स्नायू, कंडरा आणि सांध्याचे आवरण गलोलीच्या रबरासारखे ताणलेले असते. २०१३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात नील रोच, डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दंड फिरवण्याच्या कामातला निम्म्याच्या आसपास वाटा या ताणात साठलेल्या शक्तीचा असतो, असे त्यांना आढळले. चिंपांझी माणसापेक्षा कितीतरी बळकट असूनही त्याची फेक ताशी तीस किलोमीटरच्या आसपासच जाते, कारण त्याच्या खांद्याची आणि कमरेची ठेवण अशी नाही. ही ठेवण माणसाच्या पूर्वजांत सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी एकत्र आली असे या शास्त्रज्ञांचे मत आहे. शिकारीसाठी दगड-भाले मारता यावेत म्हणून. आपल्याकडे जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्यांनी हात आणखी दोन हात लांब करून घेतला, एवढेच.

पण निसर्गाने ही सोय केली ती दिवसातून पाच-दहा दगड मारण्यासाठी. शंभर थ्रोची कल्पना तेव्हा कोणाला असणार?

आता या वेगाची किंमत पाहू. हात मागे निजलेला असताना आणि तेथून झटक्याने पुढे येताना कोपराची आतली बाजू उसवू पाहते आणि बाहेरची बाजू दाबली जाते. कोपर हा दाराच्या बिजागरीसारखा सांधा आहे. मागे-पुढे उघडमीट करणे हे त्याचे काम, बाजूला उघडणे नव्हे. बाजूने उघडू नये म्हणून आतल्या अंगाला एक मजबूत अस्थिबंध आहे, तोच प्रत्येक जोरदार फेकीत ताणाच्या अगदी काठापर्यंत जातो. आसपासचे स्नायू मदतीला असतात म्हणून तो टिकतो. स्नायू थकले की सगळा भार त्याच्यावर येतो. अमेरिकेत टॉमी जॉन नावाच्या पिचरचा हा अस्थिबंध तुटला तेव्हा १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातली एक कंडरा काढून तेथे बसवली. तो १९७६ मध्ये पुन्हा खेळू लागला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्या शस्त्रक्रियेला आजही त्या खेळाडूचेच नाव आहे, सर्जनचे नाही, याचे मला नेहमी कौतुक वाटते. आपल्याकडे भालाफेकीतला नीरज चोप्रा याच्याही उजव्या कोपरावर २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यानंतर २०२१ मध्ये त्याने टोकियोला सुवर्णपदक मिळवले. भाल्याची फेक आणि चेंडूची फेक यांत फरक आहे, पण कोपराला दोन्ही सारख्याच जाचतात.

दुसरी किंमत खांदा मोजतो आणि ती चेंडू सुटल्यानंतरची आहे. बहुतेकांचे लक्ष चेंडू जातो तिकडे असते. त्याच वेळी मागे राहिलेला हात अजून तुफान वेगात पुढे चाललेला असतो आणि त्याला थांबवायचे असते. माणसाच्या एका हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असते. साठ किलोच्या माणसाचा हात तीन किलोचा, चाळीस किलोच्या मुलाचा दोन किलोचा. फेकला जातो १६० ग्रॅमचा चेंडू, आवरावा लागतो दोन-तीन किलोचा हात! हे काम खवाट्याच्या हाडापासून निघून दंडाला चिकटणारे लहान स्नायू करतात. खांदा हा उखळीचा सांधा खरा, पण उखळ फार उथळ आहे, बशीत लिंबू ठेवावे इतकी. त्यामुळे दंडाचे डोके जागेवर धरून ठेवण्याची जबाबदारीही याच स्नायूंवर पडते. उतारावर भरलेली बैलगाडी आवरणाऱ्या गाडीवानाची जी अवस्था, ती यांची. चेंडू जितका हलका तितका हात जास्त वेग घेणार आणि आवरणाऱ्याचे काम तितके वाढणार. टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळणाऱ्या तरुणांचे खांदे का दुखतात, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

बॅट दोन हातांत

फटक्यात हे सगळे बदलते, कारण बॅट दोन हातांनी धरलेली असते. दोन हात, दोन खांदे आणि छाती मिळून एक बंद कडी तयार होते. एका हाताला हवे तसे मागे निजायला वावच उरत नाही. दंड बाहेर वळण्याचा तो टोकाचा कोन येत नाही आणि कोपराची आतली शिवण उसवण्याचा प्रसंगही सहसा येत नाही. शिवाय बॅट जड असल्यामुळेच ती सावकाश वेग घेते. चेंडूला लागल्यावर तिचा काही वेग चेंडू घेऊन जातो. उरलेला वेग दोन्ही हात, धड आणि पाय वाटून घेतात. बॅट खांद्यावरून मागे जाईपर्यंत फटका पुरा करू देणे हे दिसायला ऐटदार आहेच, शिवाय थांबवण्याचे काम लांबवर पसरवण्याचा तो मार्ग आहे.

क्रिकेटचे सगळे फटके अर्थातच सारखे नाहीत. पुल किंवा हूक हा बेसबॉलच्या फटक्याचा भाऊ, त्यात कंबर पूर्ण फिरते. सरळ किंवा कव्हर ड्राइव्हमध्ये बॅट लंबकासारखी वरून खाली येते, कंबर कमी फिरते, वजन पुढच्या पायावर जाते आणि वरच्या हाताचा, म्हणजे उजव्या फलंदाजाच्या डाव्या हाताचा, कोपर उंच राहून दिशा देतो. विटीदांडू मात्र या हिशेबात बसत नाही. तेथे दांडू एका हातात असतो आणि विटी हवेत उडवून मारायची असते, त्यामुळे तो फेक आणि फटका यांच्या मधला प्रकार झाला. या खेळात मनगटे कशी तयार होतात ते आमच्या पिढीला ठाऊक आहे.

मग बॅटीने काहीच दुखत नाही का? दुखते, पण दुसरीकडे. पीळ बसतो तो कमरेत आणि बरगड्यांखालच्या कुशीत, म्हणून फलंदाज तिथे धरून बसतो. फटका हुकला की जास्तच, कारण चेंडूने घ्यायचा वेग कोणीच घेत नाही आणि सगळा आवर शरीराला घालावा लागतो. चेंडू बॅटच्या मधोमध लागला तर हाताला कळतही नाही; कडेला किंवा टोकाला लागला तर झिणझिण्या मनगटापासून कोपरापर्यंत जातात. घट्ट मुठीने जड बॅट दिवसचे दिवस धरली की कोपराच्या बाहेरच्या अंगाला, मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंच्या मुळाशी दुखणे सुरू होते. याला टेनिस एल्बो म्हणतात, टेनिस कधी न खेळणाऱ्यांनाही तो होतो. माझ्याकडे येणाऱ्यांत सुतार, गवंडी आणि पोळ्या लाटणाऱ्या गृहिणी खेळाडूंपेक्षा जास्त असतात. सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये हेच दुखणे झाले आणि २००५ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. त्याची बॅट जड असे हे सर्वांना माहीत आहे. पण दुखणारा कोपर कोणता होता हे आठवते का? डावा. उजव्या हाताच्या फलंदाजाचा वरचा हात.

त्या सोमवारी मुलाच्या वडिलांना मी नेमके हेच विचारले. त्यांना आठवत होते. मग मी त्यांच्या मुलाचा कोपर दाखवला. हा उजवा, आणि दुखतो आतून. बॅटने दुखवला असता तर बहुधा डावा दुखला असता आणि बाहेरून दुखला असता. उजवा कोपर आतून दुखतो तेव्हा मी आधी फेकीचा हिशेब विचारतो.

वडील गप्प झाले. पंधरा दिवस त्यांनी मुलाच्या हातून निरुपद्रवी गोष्ट काढून घेतली होती आणि तेवढाच वेळ नडणाऱ्या गोष्टीला दिला होता.

मुलांचे हाड

मोठ्या माणसाचा अस्थिबंध दुखावतो, तर मुलाचे काय होते? कोपराच्या आतल्या बाजूला चाचपले तर हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. अस्थिबंध आणि मनगट वाकवणारे स्नायू त्यालाच बांधलेले असतात. साधारण पंधरा ते सतरा वर्षांपर्यंत हा उंचवटा मुख्य हाडाशी पक्का जुळलेला नसतो. मध्ये वाढीच्या कूर्चेचा एक मऊ थर असतो. ओल्या भिंतीत खुंटी ठोकली आणि तिला मजबूत दोर बांधून ओढले, तर दोर तुटत नाही, खुंटी हलते. मुलांत असेच होते. दोर शाबूत, खुंटी सैल. खांद्याजवळ दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकालाही असाच थर असतो आणि तोही जास्त फेकीने दुखावतो.

अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये हे इतके दिसू लागले की त्या कोपराला मुलांच्या त्या स्पर्धेवरूनच नाव पडले. अखेर तेथील लिट्ल लीग या संस्थेने २००७ पासून प्रत्येक मुलाच्या फेकी मोजण्याचा नियम केला. अकरा-बारा वर्षांच्या पिचरने एका दिवसात ८५ च्या वर चेंडू टाकायचे नाहीत, नऊ-दहा वर्षांच्याने ७५ च्या वर नाहीत. आणि जास्त टाकले असतील तर पुढे ठरावीक दिवस विश्रांती. हे आकडे सामन्यातल्या पिचरचे आहेत, आपल्या क्षेत्ररक्षकाला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी आमच्या मुलाचे 'शंभर तर होतातच', तेही रोज, हे त्यांच्याशेजारी ठेवून पाहा. आपल्याकडे चेंडू किती टाकले ते गोलंदाजाचे मोजतात. फील्डरचे थ्रो कोण मोजतो?

येथे माझी एक चूक सांगणे भाग आहे. तीसेक वर्षांपूर्वी, व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात, आठवीतला एक मुलगा असाच आतून दुखणारा कोपर घेऊन आला होता. मी दाबून पाहिले, सूज फारशी नव्हती. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या आणि लावायला मलम दिले आणि 'खेळत राहा, मोकळा होईल' असे सांगितले. क्ष-किरण चित्र काढले नाही. किती फेकतोस हेही विचारले नाही. गोळ्यांनी दुखणे दबले, तो फेकत राहिला. चार महिन्यांनी आला तेव्हा उंचवटा जागेवरून सरकून तसाच जुळला होता आणि कोपर पुरा सरळ होत नव्हता. पुढे तो संसाराला लागला, गावातच आहे. मध्यंतरी मुलीला घेऊन दवाखान्यात आला होता. पैसे द्यायला त्याने हात पुढे केला, तो अजून थोडा वाकडाच होता. तो त्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. मला मात्र गोळ्यांची ती चिठ्ठी आठवली.

घरी आणि मैदानावर

मुलगा किंवा मुलगी फेकणारी असेल तर पालकांनी आठवड्यातून एकदा दोन गोष्टी पाहाव्यात. दोन्ही हात पुढे करून तळवे वर करायला सांगावे आणि दोन्ही कोपर सारखे सरळ होतात का ते पाहावे. मग आतल्या उंचवट्यावर बोटाने दाबावे. एका बाजूला दुखले किंवा एक कोपर वाकडा राहिला तर फेक त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवावे. दुसऱ्या हाताच्या चित्राशी तुलना करता यावी म्हणून अशा मुलांच्या दोन्ही कोपरांचे क्ष-किरण चित्र काढावे लागते, तेव्हा 'दुखत नाही त्याचे कशाला?' असे कृपया विचारू नये. फेकताना 'कट्' असा आवाज होऊन एकदम दुखले, तर त्याच दिवशी यावे. चोळणे, तेल लावून ओढणे, हाड बसवणाऱ्याकडे नेणे हे तर अजिबात नको. सैल झालेली खुंटी ओढून बसत नाही. आणि दुखणे थांबवण्याची गोळी घेऊन खेळायला पाठवू नये. का ते वर लिहिलेच आहे.

क्रीडाशिक्षकांना विनंती अशी की, थ्रोचा सराव अंग तापल्यावर घ्यावा, आधी जवळून, मग लांबून. सीमारेषेवरून प्रत्येक चेंडू थेट यष्टीवर मारायला लावण्यापेक्षा मधल्या गड्याकडे द्यायला शिकवावे. जवळचा चेंडू खालून द्यावा. मुलगा नुसत्या हाताने फेकतो आहे, पाय हलत नाहीत, कोपर खांद्याच्या खाली पडतो आहे असे दिसले की तो थकला समजावे आणि त्याला स्लिपमध्ये उभे करावे. बॅटिंग बंद करून फील्डिंग वाढवणे ही शिक्षा म्हणून ठीक असेल, विश्रांती म्हणून नाही.

बॅटच्या बाबतीत एवढेच सांगतो. मोठ्या भावाची बॅट लहानाला देऊ नये. एका हाताने, वरच्या हाताने, मुलगा बॅट पुढे आडवी धरू शकतो का ते पाहावे; हात थरथरला तर बॅट मोठी आहे.

त्या मुलाच्या चित्रात कूर्चेचा थर दुसऱ्या बाजूपेक्षा थोडा रुंदावलेला होता, उंचवटा मात्र जागेवर होता. वेळेत आला होता. सहा आठवडे एकही फेक नाही, असे मी सांगितले. दाबल्यावर दुखणे थांबले की बॅटिंग हळूहळू सुरू करायला हरकत नाही, तीही न दुखता जमेल तेवढीच. चाचणीचे काय, हा प्रश्न वडिलांनी विचारला नाही, मुलाने विचारला. मी क्रीडाशिक्षकांना चिठ्ठी लिहून दिली की हा दुखणे थांबले असल्यास फलंदाजी करील, चेंडू खालून देईल. चाचणीला तो गेला. बावीस धावा केल्या म्हणे. फेकून दाखवायला सांगितले तेव्हा त्याने चिठ्ठी पुढे केली. यंदा निवड झाली नाही. वडिलांना ते लागले, हे त्यांनी मला फोनवर सांगितले आणि मी ऐकून घेतले.

मे महिन्यात ते दोघे पुन्हा आले. उंचवटा दाबला, दुखत नव्हता. दोन्ही कोपर सारखे सरळ होत होते. रोजचे थ्रो लिहून ठेवायला मी त्याला एक वही करायला सांगितले होते, ती त्याने पुढे केली. बेचाळीस तारखा आणि प्रत्येकीसमोर सुबक शून्य. एका तारखेसमोर मात्र '१' लिहून कंसात 'डावा हात' असे होते.

"हा कशाचा?" मी विचारले.

तो वडिलांकडे बघून म्हणाला, "शेजारच्यांची कैरी होती. लागली नाही."